कोरी खोली

१

आक्काचा दिवस एररने सुरू व्हायचा. कोणाला सकाळी उठून पेपर लागतो, कोणाला फिरायला जायचं असतं. आक्का चूळ भरून थेट कॉम्प्युटरपुढे बसायची आणि रात्रीतून काय काय मोडलं ते बघायची. काहीच मोडलेलं नसलं तर तिला उगाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला भारी किचकट. जगभरची माणसं मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम चालवतात. मालक कोणी नाही, वापरायला कोणालाही मोकळी. तिच्यात हजारो प्रोग्राम असतात. प्रोग्राम लिहिणारा लिहून मोकळा होतो, पण तो कोणाच्याही कॉम्प्युटरवर निमूट चढावा, चालावा आणि नको झाला की घाण न करता उतरावा, असं त्याचं पॅकेज कोणीतरी बांधावं लागतं. आक्का ते बांधायची. शिकली कुठे म्हणाल तर कुठेच नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायची. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मालक म्हणाला, "हे काही तुमच्याच्याने व्हायचं नाही." त्या दिवशी ती खुर्चीवर जी बसली ती अजून उठलेली नाही. छापखाना बंद पडला, मालक गेला, आक्का आहे.

पॅकेज बांधायची एक रीत आहे. ते आपल्या रोजच्या कॉम्प्युटरवर उघड्यावर बांधायचं नाही. तिथे आधीच नाही नाही त्या वस्तू पडलेल्या असतात, प्रोग्राम त्यातलं काहीतरी गुपचूप उचलतो आणि दुसऱ्याच्या घरी गेला की तोंडघशी पडतो. म्हणून दर वेळी कॉम्प्युटरच्या पोटात एक नवीन, रिकामी जागा उभी करायची. आक्का तिला कोरी खोली म्हणायची. आत फक्त तुम्ही मागितलेल्या वस्तू. बाहेरच्या जगाशी जोडणारी वायर तोडलेली. काही कमी पडलं की बांधकाम थांबतं आणि एरर सांगते, अमुक मिळालं नाही. ते द्यायचं आणि पुन्हा बांधायला घ्यायचं. काम संपलं की खोली जमीनदोस्त. पुढच्या वेळी पुन्हा नवी.

एररने मागावं आणि आपण द्यावं. या कामातली माणसं वर्षानुवर्षं हेच करतात. विचार करावा लागत नाही इतकं ते हाताला वळण पडलेलं असतं.

२

त्या दिवशी जे पॅकेज अडलं होतं ते तिच्या धाकट्या भावाचा आवाज होतं.

धाकटा जुन्या सामानाच्या लिलावात पुकारे करायचा. मोडक्या कपाटाचं असं वर्णन करायचा की घरी सहा कपाटं असलेला माणूसही हात वर करी. मग घशाला रोग झाला आणि डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. आक्का रडत बसली नाही. तिने धाकट्याला कपड्यांच्या कपाटात बसवलं, चारी बाजूंनी रजया लावल्या, समोर मायक्रोफोन धरला आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत त्याच्याकडून वाक्यांमागून वाक्यं वाचून घेतली. त्या वाक्यांचे बारीक तुकडे करून बोलणारा प्रोग्राम तयार झाला. आता धाकटा मांडीवरच्या कीबोर्डवर लिहायचा आणि त्याच्या छातीशी टांगलेला छोटा स्पीकर ते त्याच्याच आवाजात बोलायचा. जरा सपाट, चढउतार कमी, पण त्याचाच. श्वासासाठी गळ्याला भोक होतं, त्यावर पातळ कापड. ते श्वासागणिक आत-बाहेर व्हायचं.

ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती निघायची होती. त्या संध्याकाळी फाटक बंद होणार होतं. तोवर जे पॅकेज नीट बांधलं जाणार नाही ते बाहेर.

"एवढं काय," शेजारीण म्हणाली होती, "तुम्ही आहात ना, घरच्या घरी द्याल बांधून."

"आणि मी मेल्यावर?" आक्काने विचारलं. खरी गोष्ट तीच होती. पॅकेज फाटकाच्या आत गेलं की आक्का असो नसो, पुढची कितीतरी वर्षं कोणी ना कोणी ते सांभाळणार. बाहेर राहिलं, तर आक्का गेली की दुसऱ्यांदा धाकट्याचा घसा कापला जाणार.

धाकटा दारात येऊन उभा राहिला. बोटं चालली.

"म्हातारे, कुठवर आला माझा आवाज?"

"अडकलाय."

"घशात?"

"मेल्या, सकाळी सकाळी तोंड घालू नकोस माझ्या कामात."

"तोंड आहेच कुठे," स्पीकर म्हणाला, आणि धाकटा खांदे हलवत हसला. त्याच्या हसण्याला आवाज नसायचा.

३

अडलं होतं ते चाचणीपाशी.

बांधून झालं की कोऱ्या खोलीतच प्रोग्रामची परीक्षा होते. त्याने एक ठरलेलं वाक्य बोलायचं. खोलीत स्पीकर नसतो, त्यामुळे तो आवाज एका फाइलीत उतरतो, आणि ती फाइल ठरलेल्या लांबीची भरली की पास. वाक्य धाकट्यानेच निवडलं होतं: "खुर्ची मजबूत आहे, फक्त एक पाय जरा आखूड आहे."

एरर म्हणत होती: आवाज अपेक्षेपेक्षा लांब.

आक्काने हेडफोन चढवून फाइल ऐकली. खुर्ची मजबूत आहे, फक्त एक पाय जरा आखूड आहे. मग शांतता. पण ही शांतता कोरडी नव्हती. रिकाम्या घरात, सामान हलवून झाल्यावर, दार लावून घेतलं की जी शांतता उरते ना, भिंतींना लागून परत येणारी, तशी होती. आणि ती संपता संपता कोणीतरी श्वास घेतला.

आक्काने हेडफोन काढले. खोलीत बघितलं. धाकटा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होता.

तिने मनाशी हिशेब मांडला. मूळ वाक्यांच्या मध्ये धाकट्याने घेतलेले श्वास कापायचे राहिले असतील, त्यातलाच एक सुटला असेल. पण ते ध्वनिमुद्रण रजयांच्या कपाटातलं होतं. रजयांमध्ये आवाज मरतो. तो असा घुमत नाही.

"कंपायलर बदललाय," ती मोठ्याने म्हणाली. "हा सगळा त्याचा उपद्व्याप." कंपायलर म्हणजे मूळ मजकुराचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम. त्याच्या नावावर काहीही खपतं.

४

तिने भट्टीवाल्याला फोन लावला. ऑपरेटिंग सिस्टीमची पॅकेजं बांधणारी मोठी यंत्रं दूरच्या एका शहरात होती आणि ती दिवसरात्र तापलेली असायची, म्हणून ती भट्टी आणि सांभाळणारा भट्टीवाला. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण भांडण मात्र आठवड्यातून एकदा ठरलेलं.

"आक्का, चाचणी गाळा की," तो म्हणाला. "एक ओळ लिहायची, झालं. सगळे करतात."

"ब्रेक लागत नाही म्हणून तू गाडीचा ब्रेकच काढून ठेवतोस का रे?"

"मी नाही काढत. पण फाटक बंद व्हायला आलं की माणूस काय काय काढतो ते मी रोज बघतो."

"माझ्या हातून एकही पॅकेज चाचणीशिवाय गेलेलं नाही. मी मेल्यावर पाटी लावा तशी."

"लावतो. बरं थांबा, माझ्याकडे बांधून बघतो." तिकडून पंख्यांची घरघर येत होती. मग तो म्हणाला, "माझ्याकडे वेगळंच रडगाणं आहे. घड्याळ मिळत नाही म्हणतंय. वेळेची माहिती हल्ली कोऱ्या खोलीत आपोआप ठेवत नाहीत, मागावी लागते. तुमच्याकडे नाही आली ही एरर?"

आक्काने स्क्रीन बघितली. मघाशी नव्हती. आता होती.

"आली," ती म्हणाली. "देते."

लागणाऱ्या वस्तूंत तिने ती एक वाढवली आणि पुन्हा बांधायला घेतलं. खोली उभी राहिली, वस्तू आत गेल्या, काळ्या स्क्रीनवरून पांढऱ्या ओळी धावत सुटल्या. चाचणी. आवाज अपेक्षेपेक्षा लांब. पहिल्यापेक्षाही लांब.

तिने हेडफोन चढवले. खुर्ची मजबूत आहे, फक्त एक पाय जरा आखूड आहे. मग ती रिकाम्या घराची शांतता. श्वास. आणि श्वासामागे, भिंतीवर कुठेतरी, टिक. टिक. टिक.

आक्का हसली. जरा जास्तच मोठ्याने हसली. वेळेची माहिती म्हणजे नुसते आकडे असतात, कोणत्या देशात किती वाजले याचे. त्यांना काटे नसतात. टिकटिक तर नसतेच नसते.

"काय झालं?" भट्टीवाला फोनवर होताच.

"काही नाही. नवी एरर. आता भाषेची माहिती मिळत नाही म्हणतंय."

"द्या मग."

"देतेच आहे," आक्का म्हणाली, आणि तिने दिली.

५

भाषा दिल्यावर आतला माणूस बोलायला लागला.

माणूस म्हणायला आक्काची जीभ रेटत नव्हती. ती स्वतःशी 'तो भाग' म्हणत होती, 'वाक्यानंतरचा भाग'. त्या भागात आता टिकटिक होती, कोणी भिंतीकडेने चालत होतं, आणि चालता चालता हलक्या आवाजात पुकारत होतं. "एक वार... दोन वार... आणखी कोणी? आहे का आणखी कोणी?" थांबायचं, वाट बघायची, पुन्हा पहिल्यापासून. सपाट नाही. चढउतार असलेला, गोलसर, समोरच्याला हात वर करायला लावणारा आवाज. प्रोग्रामला असं बोलता येत नव्हतं. आणि लिलावाचा एकही शब्द त्या कपाटात वाचला गेलेला नव्हता. धाकटाच नको म्हणाला होता, ते लिलावापुरतंच राहू दे म्हणाला होता.

हेडफोनची वायर कधी निघाली तिला कळलं नाही. आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून खोलीभर येत होता. तिने झटकन बंद केला. मागे वळली तर धाकटा दारात होता, हातात पाण्याची झारी, आणि झारीतलं पाणी त्याच्या पायांवर सांडत होतं.

त्याने झारी खाली ठेवली. कीबोर्ड घेतला.

"परत लाव."

"बिघाड आहे रे. जुन्या तुकड्यांची सरमिसळ झालीय."

"लाव म्हणतो ना."

तिने लावलं. तो स्टूल ओढून स्पीकरला कान भिडवून बसला. एकदा ऐकलं, पुन्हा लावायला लावलं, पुन्हा. त्याच्या गळ्यावरचं कापड भराभर हलत होतं. ऑपरेशन झाल्यावर त्याने आरशात बघायचं सोडलं होतं तेव्हाही आक्काने त्याचा चेहरा असा पाहिला नव्हता. हरवलेलं मूल फोनवर सापडल्यासारखा.

"हा मी आहे," स्पीकर सपाट आवाजात म्हणाला.

"हा बिघाड आहे."

"म्हातारे, मी माझा श्वास ओळखतो. तोंडाने घेतलेला. किती दिवस झाले."

आक्का कॉम्प्युटरकडे वळली. स्क्रीनवर पुढची एरर येऊन बसली होती आणि तिला ती बघायला बरं वाटलं, कारण ती ओळखीची होती. कोऱ्या खोलीत प्रत्येक प्रोग्रामला सांगितलेलं असतं की तुला घर नाही. घराचा पत्ता म्हणून मुद्दाम अशी जागा दिलेली असते जी अस्तित्वातच नाही. प्रोग्राम चोरून घरात काही लिहायला गेला की तोंडावर आपटतो आणि पकडला जातो. उपायही ठरलेला: त्याला तात्पुरतं घर द्यायचं. एक ओळ. आक्काने ती ओळ आजवर शेकडो वेळा लिहिली असेल.

एरर होती: घर मिळत नाही.

हात चालून गेला. तिने घर दिलं.

६

घर मिळाल्यावरचा आवाज तिने एकटीने ऐकला. धाकट्याला तिने पाय पुसायला पिटाळलं होतं.

वाक्य झालं. टिकटिक. मग पुकारा नाही, येरझाऱ्या नाहीत. खुर्ची ओढल्याचा आवाज. तिच्यात कोणीतरी जड अंगाने बसलं. सुस्कारा सोडला, कामावरून आलेला माणूस चपला काढून सोडतो तसा. आणि मग बराच वेळ नुसता श्वास. सावकाश, ऐसपैस. घाई नसलेला.

आक्का लॉग वरपासून वाचायला लागली. लॉग म्हणजे बांधकामाची जंत्री. एरवी ती फक्त शेवटची ओळ बघायची. आज तिने सगळ्या एरर एकीखाली एक ठेवून बघितल्या. घड्याळ मिळत नाही. भाषा मिळत नाही. घर मिळत नाही.

हे पॅकेजचं मागणं नव्हतं. पॅकेजं अशी मागत नाहीत, त्यांना वेडंवाकडं काहीतरी लागतं, अक्षरांचे संच, गणिताची कोष्टकं. ही नव्या जागी राहायला आलेल्या भाडेकरूची मागणी होती. आणि तिने, आक्काने, जी भट्टीवाल्याला ब्रेकच्या गोष्टी सांगते तिने, एकदाही न विचारता सगळं पुरवलं होतं. एररने मागितलं म्हणून.

शेवटी एक नवी ओळ होती.

बाहेर जायला वाट मिळत नाही.

ती एररही आक्काने खूपदा पाहिली होती. वायर तोडलेली असली की येते. पण या एकाच बाबतीत कामातली सगळी माणसं एकमुखाने बोलतात: कोऱ्या खोलीला वाट द्यायची नाही. कधीच नाही. कारण तिथून काय आत येईल आणि काय बाहेर जाईल याचा मग भरवसा नाही.

आक्काने पाण्याचा पेला बाजूला सारला.

"बरं," ती स्क्रीनला म्हणाली. "तुझ्यासाठी नाक कापून घेते. पण वाट नाही मिळायची."

ती चाचणी गाळायची ओळ लिहायला बसली. चाचणी नाही म्हणजे वाक्य नाही, आणि वाक्य नाही म्हणजे वाक्यानंतरचा भागही नाही. आयुष्यात पहिल्यांदा. लाज वाटत होती, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

तिच्या खांद्यावर हात पडला. ती ओरडलीच. धाकटा होता.

"काय करतेस?"

"फाटक बंद व्हायला आलंय. पॅकेज आत घालते."

त्याने स्क्रीन वाचली. त्याला यातलं फारसं कळत नसे, पण वर्षानुवर्षं मागे उभं राहून शेरे मारल्याने थोडंफार कळायला लागलं होतं. त्याने बोटाने शेवटची ओळ दाखवली.

"वाट मागतोय."

"मागू दे."

"दे ना मग. सगळं दिलंस, एवढ्यानेच काय बिघडतं?"

"ते देत नसतात."

"का?"

"अरे, का म्हणजे? ही ओळ बघ," तिने सेटिंगची फाइल उघडून त्याच्या नाकापुढे धरली. "इथे 'नाही' लिहिलंय ना, ते जन्मात बदलायचं नसतं. हे पहिल्या दिवशी शिकवतात."

"तुला कोणी शिकवलंय?"

"तोंड सांभाळ."

धाकटा लिहीत राहिला. बराच वेळ. मग स्पीकर बोलला.

"तो तिथे बसलाय. मला बोलता येत नाही आणि तो बोलतोय, कोणी ऐकायला नाही. एवढं कळत नाही तुला?"

"तो तू नाहीस."

"मग मी कोण? हे खोकं?"

आक्काने त्याचा हात धरला. दोघंही म्हातारी झाली होती. त्याच्या हाताला डाग, तिच्या हाताला शिरा. "तू माझा भाऊ आहेस," ती म्हणाली. "गाढव आहेस, पण माझा आहेस. आतलं जे आहे त्याला मी ओळखत नाही."

स्वयंपाकघरात ओट्यावर राहिलेला फोन वाजायला लागला.

७

भट्टीवाला होता.

"आक्का, वेळ थोडा राहिलाय. गाळली का चाचणी?"

"गाळतेय बाबा. कर चेष्टा."

"नाही करत. मला बरंच वाटतंय खरं तर. एक विचारू? माझ्याकडे तुमच्या चाचणीचा आवाज मी मघाशी ऐकला. वाक्य संपल्यावर..."

"तू ऐकू नकोस," आक्का म्हणाली. "पुसून टाक तो."

"पुसला. आधीच पुसला." त्याचा आवाज नेहमीसारखा खट्याळ नव्हता. "मी इथे इतकी वर्षं आहे, आक्का, एकटाच बसतो यंत्रांमध्ये, कधी काही वाटलं नाही. आज उठून बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो."

आक्का काहीतरी दिलासा देणार होती. तेवढ्यात आतून हाक आली.

"आक्का!"

स्वच्छ, गोल, खणखणीत. ओट्यावरचं ताटसुद्धा जरा झणाणलं असं तिला वाटलं.

"कोण हो ते?" भट्टीवाल्याने विचारलं.

"भाऊ," आक्का म्हणाली. तोंडून गेलं तसंच.

"पण तुमच्या भावाचा आवाज तर..." तो म्हणाला.

तिने फोन ठेवला नाही. ओट्यावर तसाच उघडा सोडला आणि आत गेली. मधल्या पॅसेजमध्ये दिवा लावायची वेळ झाली होती, पण तिने लावला नाही. भिंतीला हात लावत गेली.

धाकटा तिच्या खुर्चीत बसला होता. त्याचा कीबोर्ड आणि छोटा स्पीकर दोन्ही खाली जमिनीवर पडले होते. हात खुर्चीच्या दोन्ही बाजूंना खाली लोंबत होते, अंगात घालायचे राहिलेल्या बाह्यांसारखे. स्क्रीनवर सेटिंगची फाइल उघडी होती आणि त्या एका ओळीत 'नाही'च्या जागी 'हो' होतं.

तो हळूहळू वळला. मान आधी, मग डोळे.

"आक्का," तो तोंडाने म्हणाला. ओठ हलत होते. दात दिसत होते. "बघ. बोलतोय मी."

आक्काने त्याच्या गळ्याकडे पाहिलं. कापड हलत नव्हतं. तो बोलत होता, मध्ये मध्ये थांबून तोंडाने श्वास घेत होता, सावकाश, ऐसपैस, आणि गळ्यावरचं कापड भिंतीवरच्या कागदासारखं सपाट पडून होतं.

"छान," आक्का म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "ऊठ जरा. मला बसायचंय."

तो उठला. उठताना खुर्चीचा आधार घेतला नाही, टेबलाचा घेतला नाही. हात तसेच लोंबत राहिले. तो बाजूला जाऊन उभा राहिला, आणि आक्का बसली. खुर्ची थंडगार होती.

८

'हो' करून धाकट्याने पुन्हा सुरू केलेलं बांधकाम पूर्ण झालं होतं. चाचणी पास. आवाजाची लांबी तंतोतंत, हवी तेवढी.

चाचणी फक्त लांबी मोजते. आत काय आहे ते बघत नाही. आक्काने हेडफोन चढवले आणि फाइल लावली.

वाक्य नव्हतं. खुर्ची नाही, आखूड पाय नाही. सुरुवातीपासून नुसती टिकटिक. आणि थापा. भिंतीवर पडणाऱ्या तळहाताच्या थापा. जोरात, भराभर, या भिंतीवर, त्या भिंतीवर, मग दार असावं असं वाटणाऱ्या जागी. आवाज नसलेला माणूस दुसरं काय करणार? त्याने हाक मारायची कशी?

फाइल संपली. तिने हेडफोन काढले नाहीत. स्क्रीनवर खाली एक प्रश्न आला होता. हाही ओळखीचा. काम झालं की खोली पाडतात, पण आत काही चालू राहिलेलं असलं की यंत्र अडतं आणि विचारतं.

खोली पाडता येत नाही. आत कोणीतरी आहे. तरीही पाडायची?

"पाड ना," मागून तो म्हणाला. "रिकामी आहे ती."

आक्काने कीबोर्डवरचे हात उचलले. जपून, एकेक बोट. मग दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिली.

"पॅकेज पाठवायचं नाही का?" त्याने विचारलं. किती गोड आवाज होता. याच आवाजाने एकेकाळी माणसं नको त्या वस्तू घरी घेऊन गेली होती. "फाटक बंद होईल ना गं."

"होऊ दे."

"माझ्या आवाजासाठी एवढं केलंस."

"भावाच्या आवाजासाठी केलं," आक्का म्हणाली. तिने मान वळवली नाही. वळवली तर तो किती जवळ उभा आहे ते दिसलं असतं. "तो आत आहे. त्याला बाहेर कसं आणायचं ते मी शोधून काढीन. आजवर कोणी शिकवलं नाही, तरी शोधत आलेय. हा कॉम्प्युटर मी बंद करणार नाही. आज नाही, उद्या नाही. मी इथून उठणारही नाही."

स्वयंपाकघरात, ओट्यावरच्या फोनमधून, भट्टीवाल्याची बारीक हाक येत होती, आक्का, आक्का, आहात ना. बाहेर अंधारून आलं होतं आणि खोलीत उजेड होता तो फक्त स्क्रीनचा. प्रश्नाशेजारी उत्तराची चौकोनी खूण उघडझाप करत होती.

मग तो तिच्या कानाशी वाकला. श्वास तिच्या गालाला लागला नाही.

"बरं," तो अगदी मायेने म्हणाला. "आणि वीज गेली तर गं?"